पॉयरो गेला तेव्हा हेस्टिंग्ज खोलीत का नव्हता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. 'अगाथा ख्रिस्तीज पॉयरो' ही मालिका तुम्ही पहिल्यापासून पाहिली, पण शेवटचा भाग 'कर्टन' पाहून फसवल्यासारखं वाटलं. आयुष्यभर खुनी पकडणारा माणूस स्वतःच खून करतो, मग मरतो, आणि उलगडा होतो तो नंतर सापडलेल्या पत्रातून. तुम्ही एका वेबसीरिजचं लेखन करताय, तिचा शेवट अजून हाती लागलेला नाही. म्हणून विचारताय की गुप्तहेराच्या मालिकेचा शेवट असाच करावा लागतो का, आणि या भागाचं लोक एवढं कौतुक का करतात.

मी गेली बावीस वर्षं मालिका लिहितोय, त्यातली निम्म्याहून अधिक गुन्हेकथांत गेली. 'कर्टन' मी सात-आठ वेळा तरी पाहिला असेन, त्यातल्या दोन वेळा कागद-पेन घेऊन, सीन बाय सीन. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांनी आधी पाहावा, मग हे वाचावं. पुढे मी काहीच लपवणार नाही.

माझं मत आधी सांगतो. शेवटचा भाग गुप्तहेराचा नसतोच. तो मागे राहणाऱ्याचा असतो. पॉयरोच्या बाबतीत त्याच्या जुन्या मित्राचा आणि साथीदाराचा, हेस्टिंग्जचा. तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं, ते बरोबरच वाटलं, कारण हेस्टिंग्जलाही तसंच वाटतं आणि आपल्याला त्याच्या शेजारी बसवूनच हा भाग लिहिलेला आहे.

मालिका सुरू झाली ८ जानेवारी १९८९ला. पहिल्या भागात एका मध्यमवर्गीय घरातली स्वयंपाकीण नाहीशी झालेली असते. असली किरकोळ केस आपण घ्यायची का, म्हणून पॉयरो नाक मुरडतो. मालक एक गिनीचा चेक पाठवून त्याला कामावरून काढतो, आणि पॉयरो तो चेक फ्रेम करून भिंतीवर लावतो, स्वतःला आठवण राहावी म्हणून. तिथून ७० भाग झाले. १३ नोव्हेंबर २०१३ला ब्रिटनमध्ये 'कर्टन' दाखवला गेला. जवळपास पंचवीस वर्षं एकच नट, डेव्हिड सुशे. हेस्टिंग्ज करणारा ह्यू फ्रेझर मधली जवळजवळ दहा वर्षं मालिकेत नव्हता, त्याला शेवटच्या पर्वात परत आणलं. ते का आणलं, हे कळलं की शेवट निम्मा कळला.

'कर्टन' घडतो स्टाइल्समध्ये. याच घरात पहिल्या महायुद्धाच्या काळात निर्वासित बेल्जियन पॉयरो आणि जखमी होऊन रजेवर आलेला हेस्टिंग्ज यांची पहिली केस झाली होती. आता त्या वाड्याचं गेस्ट हाऊस झालंय. पॉयरो संधिवाताने व्हीलचेअरला खिळलाय, हृदय थकलंय. हेस्टिंग्जची बायको गेलीय आणि त्याची तरुण मुलगी ज्युडिथ तिथेच एका शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतेय. पॉयरो मित्राला बोलावून घेतो आणि सांगतो की या घरात एक खुनी आहे. जुने पाच खून, पाचही ठिकाणी गुन्हेगार वेगळा ठरलेला, पण प्रत्येकाच्या आसपास एकच माणूस होता. तो कोण, हे मात्र सांगत नाही. का? तर तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, म्हणून.

हे कारण नीट ऐका. पॉयरो ते थोड्या चिडीने आणि पुष्कळ प्रेमाने म्हणतो. पंचवीस वर्षं आपण हेस्टिंग्जच्या या भाबडेपणाला हसलो. शेवटच्या भागात त्याच भाबडेपणामुळे त्याला बाहेर ठेवलं जातं. नवीन स्वभाव शोधून काढलेला नाही, जुनाच शेवटपर्यंत ताणलाय. नवख्या लेखकाची चूक इथे होते. शेवट म्हटलं की तो नवं काहीतरी आणायला जातो, नायकाचा हरवलेला भाऊ, जुना शत्रू, असलं काहीतरी. प्रेक्षकाला त्याचं काही वाटत नाही, कारण त्याने त्या भावाबरोबर एकही संध्याकाळ घालवलेली नसते.

खुनी आहे नॉर्टन. दुर्बीण घेऊन पक्षी बघत हिंडणारा, हळू बोलणारा, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. तो स्वतः कुणाला मारत नाही. माणसाच्या मनात जिथे आधीच भेग आहे तिथे तो अलगद बोट घालतो. चार लोकांत बायकोने पाणउतारा केलेल्या म्हाताऱ्या कर्नलला तो असं काही ऐकवतो की तो बायकोवर गोळी झाडतो. ती वाचते, हा भाग वेगळा. हेस्टिंग्जला तो त्याच्या मुलीबद्दल असं काही पाहायला आणि ऐकायला लावतो की हा सज्जन, सरळ माणूस रात्री विष कालवायला निघतो. पॉयरो त्याला गरम चॉकलेटमधून झोपेचं औषध देऊन झोपवतो, म्हणून सकाळी हेस्टिंग्ज खुनी झालेला नसतो. ख्रिस्तीने ही वीण 'ऑथेल्लो'तल्या आयागोवरून घेतली आहे, आणि गोष्टीत पॉयरो मित्रासाठी त्याच नाटकाची प्रत मागे ठेवून जातो. 'ऑथेल्लो'वरूनच बेतलेला देवलांचा 'झुंझारराव' वाचलेल्या मराठी वाचकाला ही जात ओळखीची वाटेल. हातात शस्त्र नाही, फक्त कानात बोल.

अशा माणसावर कोणतं कलम लावणार? पुरावा नाही, साक्षीदार नाही, त्याने केलेलं काहीच नाही. आयुष्यभर सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून 'खुनी तुम्ही आहात' म्हणणाऱ्या माणसाला इथे ते करताच येत नाही. उद्या नॉर्टनकडे बोट दाखवलं, तर तो हसून दुर्बीण उचलेल आणि दुसऱ्या गावी जाईल. म्हणजे पॉयरोची सत्तर भागांची पद्धतच निकामी झाली. मला हा या कथेचा कणा वाटतो. शेवटची केस मोठी असायला हवी असं आपण म्हणतो, पण मोठी म्हणजे प्रेतं जास्त असं नाही. नायकाचं हत्यार जिथे चालत नाही ती केस मोठी.

आता एक प्रसंग जवळून बघू. मूळ कादंबरीत तो असा आहे. ज्युडिथ ज्याच्या हाताखाली काम करते त्या शास्त्रज्ञाची बायको बार्बरा, तिच्या खोलीत सगळे कॉफीला जमलेत. फिरत्या बुककेसवर कप ठेवलेत, एक तिचा, एक नवऱ्याचा. नवऱ्याच्या कपात तिने विष घातलंय. बाहेर तारा तुटताना दिसतो, सगळे गच्चीवर धावतात. हेस्टिंग्ज एकटा मागे राहतो, कारण त्याला मेलेली बायको आठवते आणि डोळ्यांत पाणी येतं. कुणी आत आलंच तर आपण शब्दकोड्यासाठी पुस्तक शोधतोय असं दिसावं, म्हणून तो बुककेस फिरवतो. बस, एवढंच. कप समोरासमोरून बदलतात. बार्बरा स्वतःचंच विष पिऊन मरते.

म्हणजे त्या बाईचा जीव हेस्टिंग्जच्या हातून गेला, आणि त्याला ते माहीत नाही. पॉयरोला माहीत आहे. तो चौकशीत आत्महत्या असल्याची साक्ष देतो आणि गप्प बसतो. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून बराच वेळ तसाच बसलो होतो. एक माणूस रडू लपवायला हात हलवतो आणि त्यातून मृत्यू घडतो. यात योगायोग आहे का? आहे. पण तो स्वभावातून आलेला योगायोग आहे. दुसरा कुणी असता तर उघड रडला असता किंवा सगळ्यांबरोबर गच्चीवर गेला असता.

मग पॉयरो नॉर्टनला मारतो. तो व्हीलचेअरला खिळलेला नाहीच, चालू शकतो, हे आपल्याला शेवटी कळतं. नॉर्टनला खोलीत बोलावून तो सगळं तोंडावर सांगतो, चॉकलेटमधून गुंगी देतो, त्याच्या खोलीत नेऊन गोळी घालतो आणि दार आतून बंद होतं असं भासवतो. सगळ्यांना आत्महत्या वाटते. मात्र गोळी लागली आहे कपाळाच्या बरोबर मधोमध. आत्महत्या करणारा माणूस पिस्तूल कानशिलाला लावेल. पॉयरोलाही ते ठाऊक आहे. पण नाश्त्याची दोन अंडी सारख्या आकाराची नसतील तर अस्वस्थ होणारा हा माणूस एका बाजूला गोळी घालूच शकत नाही. तिरपं काही त्याच्या हातून होत नाही. सगळा बनाव अचूक, आणि ज्या टापटिपीला आपण इतकी वर्षं हसलो, तिचाच ठसा प्रेताच्या कपाळावर. पुरावा समोर होता, दिव्याच्या उजेडात होता. हेस्टिंग्जला दिसला नाही, मलाही पहिल्या वेळी दिसला नव्हता. म्हणून लेखकाने फसवलं हे मला मान्य नाही.

नैतिकतेबद्दलचा तुमचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि मालिकेनेही तो खरा मानलाय. खून मला मंजूर नाही, हे पॉयरोचं वाक्य आपण किती वेळा ऐकलं! म्हणून ही वाट आधीपासून तयार करावी लागली. २०१०च्या नाताळात दाखवलेला 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' पुन्हा बघा. तिथे तो मारेकऱ्यांना सोडून देतो, पण सुखाने नाही. बर्फातून चालत जाताना त्याच्या हातात जपमाळ आहे आणि डोळ्यांत पाणी. कायदा आणि न्याय यांच्यामध्ये तो तेव्हाच चिरडला गेला होता. 'कर्टन'मध्ये तीच जपमाळ परत दिसते. नॉर्टनला मारल्यावर पॉयरो स्वतःला माफ करत नाही. हृदयाचा झटका येईल तेव्हा लागणाऱ्या औषधाच्या कुप्या तो हाताला लागणार नाहीत अशा ठेवतो. निकाल देवावर सोपवून पडून राहतो. सुशेने या भागासाठी वजन उतरवलं होतं. एरवी अंगावर पॅडिंग चढवून उभा केलेला तो गोल, ऐटबाज पॉयरो इथे पलंगात बुडालेला दिसतो. त्या उशीवरच्या चेहऱ्यात मेकअप किती आणि अभिनय किती, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही.

आणि आता शीर्षकातला प्रश्न. पॉयरो मरतो त्या क्षणी हेस्टिंग्ज खोलीत नाही. निरोप घेऊन तो बाहेर पडलेला असतो. खरं तर लेखकाला किती सोपं होतं! मित्र उशाशी, हातात हात, चार वाक्यं, पियानो. कादंबरीत हेस्टिंग्जला सत्य कळतं ते चार महिन्यांनी, पॉयरोने लिहून ठेवलेल्या कागदांतून. तोपर्यंत तो आपला मित्र हरून मेला असं समजून जगत असतो. मग तो वाचायला बसतो. आणि एकेक गोष्ट कळत जाते. खिळलेला मित्र चालू शकत होता. त्या रात्री चॉकलेट का दिलं होतं. बुककेस कुणी फिरवली. कपाळाचा अर्थ काय. आता विचारायला माणूस नाही. भांडायला नाही, माफ करायलाही नाही.

पत्रातला उलगडा आळशी वाटतो, असं तुमचं म्हणणं. व्हॉइस ओव्हरवर मीही सहसा काट मारतो. पण इथे दुसरा मार्गच नाही. पॉयरो जिवंतपणी बोलला असता तर हेस्टिंग्जला उत्तर देता आलं असतं, आणि मग शेवटचं दुःख निम्मं झालं असतं. पत्र म्हणजे असा संवाद की ज्यात एका बाजूला गप्प बसावं लागतं. प्रेक्षकही तसाच बसलेला असतो.

ही एकाच भागातली किमया असती तर मी एवढं बोललो नसतो. 'इन्स्पेक्टर मोर्स'चा शेवटचा, तेहतिसावा भाग आठवा, नोव्हेंबर २०००मधला. जॉन थॉने केलेला मोर्स ऑक्सफर्डच्या एका कॉलेजच्या आवारात हिरवळीवर कोसळतो. हॉस्पिटलमध्ये त्याचे शेवटचे शब्द एवढेच, माझ्या वतीने लुईसचे आभार माना. आणि त्याचा सहकारी सार्जंट लुईस तिथे नाही! तो त्याच केसच्या कामावर गेलाय. तेरा-चौदा वर्षं लुईसला बिअरचे पैसे भरायला लावणारा, त्याच्या इंग्रजीवर डाफरणारा माणूस आभार मानतो, तेही तिसऱ्याच्या हाती. नंतर शवागारात लुईस वाकून त्याच्या कपाळावर ओठ टेकवतो आणि निरोप घेतो. त्या भागातली केस कशी सुटली हे पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आठवत असेल. शवागार सगळ्यांना आठवतं.

दोन वेगळे लेखक, दोन वेगळ्या मालिका, आणि दोघांनीही जोडीदाराला दाराबाहेर ठेवलं. यामागचं कारण मला सापडलं ते माझ्याच चुकीतून. काही वर्षांपूर्वी मी एक पोलिसी मालिका लिहीत होतो. चॅनलकडून निरोप आला की पुढच्या शुक्रवारी शेवटचा भाग, हातात नऊ दिवस. आमच्या मालिकेत इन्स्पेक्टर आणि त्याचा हवालदार अशी जोडी होती, दर भागात हवालदार काचेच्या ग्लासात कटिंग आणून टेबलावर ठेवायचा. मी इन्स्पेक्टरला हवालदाराच्या मांडीवर मारला. साडेतीन पानांचा संवाद लिहिला. शूट झालं, युनिटमधले दोघे-तिघे रडले, आम्हाला वाटलं जमलं. एडिटला बसलो तर सीन हलेना. दोघंही सगळंच बोलून मोकळे झाले होते, बघणाऱ्यासाठी काही उरलंच नव्हतं. शेवटी एडिटरने पॅक-अपनंतर कॅमेरामनने सहज टिपलेला एक शॉट काढला. रिकामं टेबल, त्यावर चहाचा ग्लास, वर साय धरलेली. तो चार सेकंदांचा शॉट संवादाच्या जागी गेला. प्रेक्षकांची पत्रं आली ती त्या ग्लासाबद्दल. मी लिहिलेल्या साडेतीन पानांतलं एक वाक्य कुणी उद्धृत केलं नाही. तेव्हापासून मला पटलंय की निरोप पूर्ण झाला की प्रेक्षक मोकळा होतो आणि घरी जातो. निरोप अर्धवट राहिला तर तो बरोबर घेऊन जातो.

नायक मारायलाच हवा का? अजिबात नाही. जोडीदार नसेल तर मारून उपयोगही नाही. 'कोलंबो' ही अमेरिकन मालिका बघा. पीटर फॉकचा कोलंबो १९६८पासून २००३पर्यंत येत राहिला आणि शेवटच्या भागात कसलाही निरोप नाही. एक केस सुटते, संपलं. बायकोचा उल्लेख तो सतत करतो, पण ती आपल्याला कधी दिसत नाही. त्याचा खरा जोडीदार म्हणजे दर भागातला खुनी, आणि तो दर वेळी बदलतो. मागे राहणारा कुणी नाही, तर शेवट कुणासाठी लिहायचा?

आपल्याकडची 'सीआयडी' या दोहोंच्या मधली. जानेवारी १९९८ला सुरू झाली, १५४७ भागांनंतर २७ ऑक्टोबर २०१८ला थांबली आणि डिसेंबर २०२४मध्ये परत आली. शिवाजी साटमांचा एसीपी, दया, अभिजीत ही आपल्या घरातली माणसं झाली होती. तिथे जोडीदार होते, एक नाही दोन. पण ज्या मालिकेला उद्याही चालायचंय तिला शेवट मनात धरून लिहिता येत नाही, हे या धंद्यातलं वास्तव आहे. तिथल्या लेखकांना मी दोष देणार नाही, दर आठवड्याला नवं प्रेत आणि नवा गुन्हेगार उभा करणं काय असतं हे मी केलंय.

तुमचं तसं नाही. तुमचे आठच भाग आहेत, आणि सगळे एकदम लिहून होणार. म्हणून एक गोष्ट ख्रिस्तीकडून घ्या. 'कर्टन' तिने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून ठेवली आणि तिजोरीत बंद केली. तीस-एक वर्षांनी, १९७५मध्ये ती छापली गेली, तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर पॉयरोच्या मृत्यूची बातमी दिली. जानेवारी १९७६मध्ये ख्रिस्ती स्वतः गेली. म्हणजे मधली तीन दशकं पॉयरोच्या नवनव्या गोष्टी लिहिताना तिला त्याचा शेवट ठाऊक होता. मालिकेनेही तेच केलं. शेवटच्या पाच भागांत 'कर्टन' आधी चित्रित झाला. सुशेला पॉयरोचा निरोप मृत्यूवर घ्यायचा नव्हता. म्हणून सगळ्यात शेवटी चित्रण झालं ते 'डेड मॅन्स फॉली'चं, डेव्हनमधल्या ग्रीनवेला, ख्रिस्तीच्या स्वतःच्या घरी. जिवंत, ऐटीत चालणारा पॉयरो त्याने शेवटचा केला.

तर आठवा भाग आधी लिहा. तुम्ही कळवलंय की तुमची नायिका फॉरेन्सिक लॅबमध्ये आहे आणि तिला गावोगाव घेऊन जाणारा एक ड्रायव्हर आहे, जो विशेष काही बोलत नाही, फक्त गाडीत जुनी नाट्यगीतं लावतो. कथेच्या आराखड्यात तुम्ही त्याला तिसऱ्या भागानंतर गाळलाय, बजेटसाठी. त्याला गाळू नका. तिच्यापासून लपलेलं काय आणि त्याच्यापासून लपलेलं काय, याची दोन वेगळी पानं करा. शेवटच्या रात्री ती लॅबमध्ये एकटी असेल तेव्हा तो कुठे आहे, डिझेल भरायला, मुलीच्या शाळेत की रस्त्यात पंक्चर काढत, हे आधी ठरवा, आणि तो परत येऊन गाडीचं दार उघडेल तेव्हा मागच्या सीटवर त्याला काय सापडेल तेही. पहिल्या भागाची पटकथा अजून लॉक झालेली नाही म्हणताय, तर त्या सीटवर ती वस्तू आत्ताच ठेवता येईल.